एनआरसीतून सुटी झालेलं मूल नेमकं कुणाचं?

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
आणि
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

हे पत्र दोन टेबलांवर जायचं आहे, आणि दोन टेबलांवर गेलेल्या कागदाचं काय होतं तेही मला ठाऊक आहे. तरी एकच पत्र लिहिते आहे, कारण ज्याच्याबद्दल लिहायचं ते मूल एकच आहे. अंगणवाडीत असतं तोवर ते महिला व बालविकासचं. तब्येत ढासळून पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआरसीत आलं, की आरोग्य खात्याचं. पंधरवड्यानं सुटी झाली की मग ते कुणाचं, याचं उत्तर मला आजवर एकाही आढावा बैठकीत मिळालेलं नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आधी सरकारी नोकरीत होते, आता स्वतःचा दवाखाना सांभाळून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका एनआरसीत मानद म्हणून जाते. केंद्राचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथल्या सिस्टर आणि आहारतज्ज्ञ आहे त्या साधनांत जीव तोडून काम करतात, आणि या पत्रामुळे चौकशी लागलीच तर ती त्यांच्याच मागे लागेल.

आधी उपचारांबद्दल सांगते. फायलीत हा सगळा भाग ‘पोषण आहार दिला’ एवढ्यावर संपतो, आणि पुढचे बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

तीव्र कुपोषित, म्हणजे सॅममधलं मूल ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या आत, किंवा उंचीच्या मानाने वजन उणे तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली, किंवा दोन्ही पावलांवर सूज. यांपैकी काही मुलं खेळती असतात, भूक शाबूत असते. त्यांना घरी ठेवून, अंगणवाडीच्या देखरेखीखाली बरं करता येतं. ज्यांची भूक गेली आहे, जी निपचित पडून आहेत, ज्यांना न्यूमोनिया किंवा जुलाब आहेत, ती आमच्याकडे येतात. अशा मुलाच्या शरीराने जगण्यासाठी बरीच कामं जवळजवळ बंद करत आणलेली असतात. हृदय, यकृत, मूत्रपिंड, आतडी, सगळं मंद चालतं. रोगजंतू आत असले तरी ताप येतोच असं नाही, कारण ताप यायलाही अंगात ताकद लागते. म्हणून दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला आम्ही अँटिबायोटिक देतो, मग थर्मामीटर काहीही सांगो.

आणि पहिल्या दिवशी आम्ही मुलाला कमी खायला देतो, जाणूनबुजून. उपाशी मुलाला भरपूर भरवा हे कुणालाही सुचेल. आजीला सुचतं, पाहणीला आलेल्या पुढाऱ्याला सुचतं, नव्या डॉक्टरलाही सुचतं. पण इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न लोटलं की रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट झपाट्याने पेशींत शिरतं, थकलेल्या हृदयावर ताण येतो आणि मूल दोन दिवसांत हातचं जातं. त्यासाठी सुरुवातीचं दूध वेगळं असतं, एफ-७५. शंभर मिलीमध्ये ७५ कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमपेक्षाही कमी. दूध थोडं, साखर, जरासं तेल आणि बरंचसं पाणी. आया ते बनताना बघतात आणि आपसांत कुजबुजतात की सरकार पोरांना पाणी पाजतंय.

सूज नसलेल्या सहा किलोच्या मुलाला हे दूध दिवसाला किलोमागे १३० मिली, म्हणजे ७८० मिली. दर दोन तासांनी, बारा वेळा. एका वेळेला ६५ मिली, चहाचा अर्धा कपही नाही. रात्री दहाला, बाराला, दोनला, चारला. ही रात्रीची पाजणी चुकली की मुलाची साखर ५४ च्या खाली उतरते, अंग गार पडतं, आणि सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरला रिकामा पलंग दिसतो. मृत्यूचं कारण म्हणून मग काहीही लिहिलं जातं. आमच्या केंद्रात रात्री एकच सिस्टर असते, तिच्याकडे बालरुग्ण विभागही असतो. आरोग्य सचिव महोदय, एनआरसीतल्या मृत्यूंचं लेखापरीक्षण करताना एकदा मृत्यूची वेळ बघावी, आणि त्या वेळी ड्युटीवर किती जणी होत्या तेही.

सलाईनचंही तसंच. गावाकडे सलाईन लावणारा डॉक्टर चांगला डॉक्टर. सॅमच्या मुलाला शॉक असल्याखेरीज सलाईन लावायचं नसतं, कारण जास्तीचं पाणी ते हृदय पेलू शकत नाही. लोहाचं औषधही सुरुवातीला द्यायचं नसतं. वजन वाढायला लागल्यावर द्यायचं. यातलं काहीच नवं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा पायऱ्या गेल्या शतकात ठरल्या, केंद्र सरकारच्या एनआरसीसाठीच्या मार्गदर्शक सूचना २०११ पासून आहेत. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रावर आलेल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला हे कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं. तसं शिकवलं जात नाही, आणि रेफर झालेलं मूल आमच्याकडे पोचतं तेव्हा त्याच्या हाताला सुई असते आणि पायावरची सूज वाढलेली असते.

सुजेबद्दल जरा सविस्तर लिहिते. एक दीड वर्षाची मुलगी दाखल झाली होती. चेहरा गोल, गाल वर आलेले. तिची आई पावरी बोलीत बोलायची, मदतनीस बाई आम्हाला मराठीत सांगायची. आईचं म्हणणं असं, की पोर जाडच होती, फक्त हल्ली रडत नव्हती. मुलीच्या पायात काळा दोरा होता आणि तो मांसात रुतला होता. पावलावर अंगठा दाबून सोडला की खळगा तसाच राहायचा. एफ-७५ सुरू केलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तिचं वजन उतरायला लागलं. उतरायलाच हवं होतं, ते सुजेतलं पाणी होतं. पण भेटायला आलेल्या बापाने काट्यावरचा आकडा पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं, की इथं आणून पोर वाळवली, आजच घेऊन जातो. सिस्टरने वाद घातला नाही. तिने मुलीचा पाय त्याच्या हातात दिला आणि दोऱ्याखाली बोट घालायला सांगितलं. बोट सहज गेलं. शेजारी बसलेली आई एवढंच म्हणाली की, आल्या दिवशी नखही जात नव्हतं. ती माणसं थांबली. आठवड्याने मुलीने ताटलीतली खिचडी दोन्ही हातांनी खाल्ली आणि बिछाना माखून ठेवला. वॉर्डात असा माखलेला बिछाना दिसला की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो.

आता याचीच दुसरी बाजू. मासिक अहवालात ‘सरासरी वजनवाढ’ असा रकाना आहे. त्यात सुजेची मुलं आणि बिनसुजेची मुलं एकत्र मोजली जातात. एका महिन्यात सुजेची मुलं जास्त होती, सरासरी पडली, आणि जिल्ह्याच्या कुठल्याशा कार्यालयातून फोन आला की तुमच्याकडे आहार नीट दिला जात नाही का. आहारतज्ज्ञ मुलगी कंत्राटी आहे. पुढच्या वेळी सुजेचं मूल आलं तेव्हा तिने आधी मला विचारलं, मॅडम, याला दाखल करायचंच का?

आता सुटीकडे येते, मूळ मुद्दा तोच आहे.

मूल बरं झालं कधी म्हणायचं? केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे सूज उतरल्यानंतर वजनात १५ टक्के वाढ. सहा किलोच्या मुलाला ९०० ग्रॅम. सगळं व्यवस्थित चाललं, मूल दिवसाला किलोमागे दहा ग्रॅम वाढलं, तर हे वजन भरायला चौदा-पंधरा दिवस लागतात, आणि तेही पहिले चार-पाच नाजूक दिवस सोडून. वाढ किलोमागे पाच ग्रॅम असली तर महिना जातो. व्यवहारात मात्र सगळीकडे चौदा दिवसांचा शिरस्ता पडून गेलाय. जास्त ठेवायला मनाई कुणी केलेली नाही. पण खाटा कमी, भत्त्याचा हिशेब तेवढ्याच दिवसांचा, आणि रजिस्टरची छापील पानंही तशीच आखलेली. म्हणजे उत्तम वाढणारं मूलसुद्धा निकष पुरा करायच्या आतच घरी जातं, आणि हळू वाढणारं तर अर्ध्या वाटेवरूनच परततं. रजिस्टरला दोघांची नोंद एकच, ‘डिस्चार्ज’.

आणि ज्या थांबत नाहीत त्या आयांच्या नावापुढे आम्ही ‘डामा’ लिहितो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सुटी. वाचणाऱ्याला वाटावं की बाईला पोराची पर्वा नाही. तिच्याशी बोलून बघा. घरी आणखी तीन मुलं आहेत, त्यातलं एक अजून अंगावर पितंय. नवरा कामाला गेलाय. सासू दुसऱ्या पाड्यावर. शेळ्या आहेत. वॉर्डात एका आईला जेवण मिळतं, तिच्या बरोबर आलेल्या दुसऱ्या पोराला नाही, मग ती आपल्या ताटातलं त्याला भरवते आणि स्वतः चहा-बिस्किटावर राहते. बुडीत मजुरी मिळते, कागदावर मिळते. ती खात्यात जमा होते. खातं कधी आधारला जोडलेलं नसतं, कधी नवऱ्याच्या नावाने असतं, बँक तालुक्याला. सुटीच्या दिवशी तिच्या हातात असतो फक्त परतीच्या जीपचा खर्च, तोही सिस्टरने दिलेला.

दोन्ही खात्यांना इथे एक साधी विनंती आहे. बरोबर आलेल्या भावंडांचं जेवण धरून तरतूद करा. सुटी व्हायच्या आत मजुरी हातात पडेल अशी सोय करा. एनआरसीच्या खोल्यांना कार्टूनचे रंग देण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

मूल पाड्यावर परत जातं तिथे तीन बायका असतात. अंगणवाडी सेविका बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना उत्तर देते. आशा प्राथमिक आरोग्य केंद्राला, एएनएम, म्हणजे नर्सबाई, उपकेंद्राची. एनआरसी बहुधा जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत, आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या. सुटी झालेल्या मुलाला पंधरा-पंधरा दिवसांनी तपासणीला आणायचं असतं. ते आणायचं कुणी? सेविकेला सुटी झाल्याचं कळतंच असं नाही, कारण आमच्या रजिस्टरचा आणि तिच्या मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपचा एकमेकांशी संबंध नाही. आशाला मोबदला मिळतो तो मूल आणल्याचा, आणि तिने एकदा आणलेलं मूल पाड्यावर दुसऱ्या आठवड्यात जुलाबाने पुन्हा खंगलं तर ते सांगण्यासाठी तिच्याकडे जागा नाही. पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकाचा डॉक्टर येतो तो गर्दीतली सगळी मुलं बघून जातो, त्यातलं हे कुठलं हे त्याला कोण सांगणार?

त्यात स्थलांतर. दिवाळी झाली की सातपुड्यातले पाडेच्या पाडे रिकामे होतात. गुजरातेत ऊसतोडीला, इमारतींच्या कामाला, काही मंडळी इकडे साखर कारखान्यांवर. होळीला परततात. काठी गावची राजवाडी होळी बघायला मंत्रालयातूनही लोक येतात. त्या दिवशी ढोल ऐकताना जरा आजूबाजूच्या आयांच्या कडेवरही नजर टाकावी. ऑक्टोबरात आमच्याकडून बरं होऊन गेलेलं मूल त्या चार-पाच महिन्यांत उसाच्या फडाच्या कडेला, पालात असतं. तिथल्या अंगणवाडीत त्याचं नाव नसतं, इथल्या अंगणवाडीत ते ‘गैरहजर’ असतं. होळीला परतलं की कधी पुन्हा सॅममध्ये, कधी परततच नाही. रजिस्टरप्रमाणे ते ऑक्टोबरातच बरं झालेलं आहे.

म्हणून या पत्रातलं माझं मागणं एकच आहे, बाकी सगळं त्याला धरून. एनआरसीचं यश किती मुलांना दाखल केलं आणि किती खाटा भरल्या यावर मोजणं बंद करा. सुटीनंतर सहा महिन्यांनी मूल कुठे आहे, जिवंत आहे का, सॅममध्ये परत गेलं का, यावर मोजा. आणि त्या सहा महिन्यांसाठी, पाड्यावर असो वा फडावर, एका माणसाचं नाव त्या मुलासमोर लिहा. ती सेविका असेल तर तिला तसा अधिकार आणि मोबदला द्या; आशा असेल तर आशाला. पण नाव एकच असू द्या.

हे सोपं नाही हे कळतं मला. पण आपलं राज्य याबाबतीत नवखं नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू, पाठोपाठ १९९३ मध्ये मेळघाटातले धारणी-चिखलदऱ्याचे, त्यातून नवसंजीवन योजना आली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. देशात असं मिशन काढणारं महाराष्ट्र पहिलं. त्या मिशनचा गाभाच हा होता की दोन खात्यांच्या मधली दरी कुणीतरी भरून काढायची. गावातलं ग्राम बालविकास केंद्र (व्हीसीडीसी), आरोग्य केंद्रातलं बाल उपचार केंद्र, वर एनआरसी, अशी उतरंड रचली गेली. रचना आजही कागदावर आहे. व्हीसीडीसीला निधी एका वर्षी येतो, एका वर्षी येत नाही. पावसाळ्यात, जेव्हा जुलाब आणि उपासमार दोन्ही जोरात असतात, तेव्हा हमखास तो ‘प्रक्रियेत’ असतो.

सेविकांबद्दल थोडं लिहायलाच हवं, आणि हे महिला व बालविकास सचिवांसाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, म्हणजे महाराष्ट्रात कोविडच्या आधीच झालेल्या मोजणीचा आकडा आहे: पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकुळी, आणि एकूण मुलांपैकी १०.९ टक्के तीव्र हडकुळी. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे तीव्र प्रमाण ९.४ होतं. तुमच्या मासिक अहवालातला सॅमचा आकडा याच्या पासंगालाही पुरत नाही. सर्वेक्षणाची पद्धत वेगळी, ऋतू वेगळा, हे सगळं मान्य. पण एवढा फरक त्यातून निघत नाही. फरक कशातून निघतो ते सांगते. उंची मोजताना एक सेंटीमीटर चुकला तर सुमारे दोनशे ग्रॅमचा फरक पडतो आणि मूल सॅममधून मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत, सरकतं. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं निजवून मोजायचं असतं. त्याला दोन माणसं लागतात, एकीने डोकं धरायचं, दुसरीने पाय. मदतनिसाची जागा रिकामी असेल तर सेविका एकटी काय करणार? आणि एवढं करून तिने खरंखुरं मोजलं, सॅमची पाच मुलं दाखवली, तर बैठकीत उभं करून विचारतात: तुमच्याच गावात एवढी कशी? पुढच्या महिन्यात गावातली मुलं आपोआप सुधारतात.

ज्या सेविकेने जास्त सॅम शोधले तिचा सत्कार करा. निदान तिला नोटीस देऊ नका. २०२१ मध्ये याच बायकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, कारण ते चालत नव्हते. २०२३ च्या डिसेंबरात त्या मानधनासाठी संपावर होत्या. त्यांच्या जिवावर सगळा पोषण कार्यक्रम उभा आहे आणि त्यांच्याच आकड्यांवर कुणाचा विश्वास नाही, असं किती दिवस चालणार? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या कार्यपद्धतीत भूक-चाचणीही अंगणवाडीतच घ्यायला सांगितली आहे. म्हणजे कुठलं मूल गावात बरं होईल आणि कुठलं एनआरसीत धाडायचं हा वैद्यकीय निर्णय आता सेविकेच्या हातात आहे. तो तिने खरेपणाने घ्यावा असं वाटत असेल तर खरं बोलण्याची शिक्षा बंद व्हायला हवी.

एक वाद बऱ्याच वर्षांचा आहे, शेंगदाण्याच्या पेस्टचा. ही तयार पेस्ट, म्हणजे आरयूटीएफ, द्यावी की स्थानिक आहार. या वादात दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिलं गेलंय आणि मधल्या मधे पुरवठा मात्र कधी सुरू, कधी बंद. माझं मत सांगून टाकते. तीव्र कुपोषित मुलासाठी ते औषध आहे. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि त्यात योग्य प्रमाणात जीवनसत्त्वं-क्षार. पाण्याशिवाय खाता येतं, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. सॅममधलं मूल घरच्या भाकरी-आमटीवर त्या वेगाने वाढत नाही, पोटच तेवढं मावून घेत नाही. पण ते औषध आहे म्हणूनच ते मॅमच्या, नुसत्या बारीक मुलांच्या हातात शिध्यासारखं देऊ नये, आणि कंत्राटदाराच्या सोयीने तर मुळीच नाही. मुंबईत शीव रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्राने धारावीत अशीच पेस्ट स्वतः बनवून, स्वतः मुलांना देऊन दाखवली आहे. शेंगदाणा आपल्या खानदेशात पिकतो. जिल्ह्याच्या पातळीवर, तपासणीची प्रयोगशाळा जोडून, हे करता येणार नाही असं मला तरी वाटत नाही.

वजनाच्या मागे आंधळेपणाने धावू नये याला आणखी एक कारण आहे आणि ते पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. जन्मतः सरासरी २.७ किलोची ही बाळं इंग्लंडातल्या साडेतीन किलोच्या बाळांपुढे काटकुळी, पण चरबीच्या बाबतीत त्या मानाने मागे नव्हती; कमी होते ते स्नायू. हीच मुलं पुढे जाऊन मधुमेहाकडे झुकतात. म्हणजे आज सॅममध्ये असलेलं मूल आणि वीस-पंचवीस वर्षांनी शहरात वजन कमी करायला येणारा माणूस, ही वेगळी माणसं असतीलच असं नाही. मूल कसंही करून फुगवायचं, साखर आणि तेल वाढवून काटा हलवायचा, हा उपचार नव्हे. त्याला प्रथिनं हवीत, उंची वाढायला हवी, खेळायला हवं. एनआरसीत दिवसातून थोडा वेळ मुलाशी खेळणं हा उपचाराचाच भाग धरलाय तो याचसाठी. आमच्या पाड्यांवर दूध मिळत नाही पण पाच रुपयांची कुरकुरीत पुडी मिळते, अंगणवाडीच्या समोरच्याच टपरीवर. आणि शाळेच्या आहारातल्या अंड्याचा निधी राज्याने २०२५ च्या जानेवारीत काढून घेतला. याच्यावर काही लिहीत नाही, रागाने लिहिलं जाईल.

सहा महिन्यांखालच्या बाळांबद्दल दोन ओळी लिहिते, कारण ही बाळं रजिस्टरवर असतात पण बैठकीत त्यांचं नाव कुणी काढत नाही. यांना पेस्ट चालत नाही. यांचं औषध आईचं दूध, आणि ते आटलेलं असतं. आम्ही एक बारीक नळी घेतो, तिचं टोक आईच्या स्तनाग्राजवळ चिकटवतो, दुसरं टोक दुधाच्या कपात. कप खाली धरायचा, चार बोटं तरी. बाळ स्तन चोखतं, नळीतून दूध येतं, आणि चोखण्याने हळूहळू आईचंही दूध परत येतं. यात यंत्र नाही, खर्च नाही. लागते ती कप धरून अर्धा तास शांत बसू शकणारी सिस्टर, दिवसातून आठ वेळा. आमच्याकडे अशी एक आहे. तिची बदली झाली की हे बंद पडतं. बदलीच्या नियमांत अशा प्रशिक्षित सिस्टरसाठी काही करता येईल का, हे आरोग्य सचिवांनी बघावं.

आणि ती आई. राज्यातल्या वीस टक्क्यांहून जास्त स्त्रियांचा बीएमआय १८.५ च्या खाली आहे, आदिवासी पट्ट्यात किती असेल ते तुम्हीच मोजा. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेचं एक वेळचं जेवण २०१५ पासून आहे, चांगली योजना आहे. त्याचा प्रतिताट दर बाजारभावाशी जुळवला तर ती आणखी चांगली होईल. डाळीचा भाव सेविकेने पदरचा भरावा अशी अपेक्षा करू नये.

पुढच्या आढावा बैठकीत हे पत्र वाचलं जाईल अशी आशा नाही. पण एक विचारता येईल. प्रत्येक जिल्ह्याला विचारा: गेल्या दिवाळीच्या आधी तुमच्या एनआरसींमधून सुटी दिलेली मुलं आज कुठे आहेत? नावानिशी यादी मागा, दोन्ही खात्यांच्या सहीची. उत्तर द्यायला महिन्याची मुदत द्या, त्याहून कमी नको, कारण कुणाला तरी फडापर्यंत जावं लागेल. पहिल्यांदा जो आकडा येईल तो वाईट असेल. तो आणणाऱ्या अधिकाऱ्याला त्या दिवशी तरी रागावू नका. नाहीतर दुसऱ्या वेळी तो छान आकडा आणेल.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ
नंदुरबार जिल्हा